टँगो जमतो, पण मिलोंगा लागली की मी खुर्ची शोधते

बारामती_ते_बर्लिन

मंडळी, नमस्कार. इथे फुगडीपासून झुंब्यापर्यंत सगळ्यावर धागे आहेत, अर्जेंटाइन टँगोवर एकही दिसला नाही, म्हणून धाडस करते.

बर्लिनमध्ये अडीच वर्षं टँगो शिकतेय, फॉलोअर म्हणून (म्हणजे लीडर नेईल तशी). चालणं बरं आहे, ओचो (पायाने इंग्रजी आठ काढत वळणं) येतात, हिरो येतो (गोल फिरण्याला स्पॅनिशमध्ये हिरो म्हणतात, शाहरुखवाल्यांनी गप्प बसावं). दि सार्लीच्या ऑर्केस्ट्राची तांदा लागली तर डोळे मिटून नाचते. पण संध्याकाळी कधीतरी मिलोंगाची तांदा लागतेच, आणि मग मला एकदम तहान लागते, बुटाचा पट्टा सैल झालेला असतो, घरी फोन करायचा राहिलेला असतो.

गेल्या शनिवारी असाच पट्टा आवळून वर बघितलं तर समोर सत्तरीचे एक गृहस्थ, नजर माझ्याकडे, मान किंचित झुकलेली. माझीही मान हलली. झालं. पहिल्याच गाण्यात त्यांच्या पायावर दोनदा पाय दिला. दर वेळी माझं एक पाऊल जास्तच पडत होतं. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्ही टँगोच नाचताय. फक्त घाईघाईत."

तेव्हापासून डोक्यात भुंगा. माझी नेहमीची शिक्षिका म्हणते तंत्र एकच, पावलं लहान कर. एका कार्यशाळेत ऐकलं होतं की मिलोंगाला उभं राहताना टँगो चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून या. नाचणाऱ्यांनी सांगा, कोणाचं खरं?

सासवडकर

मी आधी 'टांगा जमतो' वाचलं आणि उत्साहाने आत आलो. आलोच आहे तर विचारतो. तांदा म्हणजे काय, मिलोंगा म्हणजे काय? वरच्या पोस्टमध्ये मला फक्त बारामती कळलं.

रिओकाठचा_माणूस

सासवडकर, तांदा म्हणजे एकाच ऑर्केस्ट्राची सलग तीन-चार गाणी. एवढा वेळ जोडीदार बदलायचा नाही. दोन तांदांच्या मध्ये वेगळ्याच संगीताचा तुकडा वाजतो, त्याला कोर्तिना म्हणजे पडदा म्हणतात. तो वाजला की आभार मानून जागेवर. साधारण क्रम असा: दोन तांदा टँगोच्या, एक वॉल्ट्झची, परत दोन टँगोच्या, मग एक मिलोंगाची. टँगोच्या चार गाण्यांची असते, मिलोंगाची बहुतेक तीनचीच, कारण तिसऱ्याला धाप लागलेली असते.

आता 'मिलोंगा'. आपण गरबा खेळतो, गरब्याला जातो आणि "जरा चांगला गरबा लाव" असंही म्हणतो. तीन अर्थ, एक शब्द, आणि कोणाचा गोंधळ होत नाही. मिलोंगा तस्साच. नाच तोच, संगीत तेच, आणि जिथे जमून नाचतात त्या मैफिलीचंही नाव तेच. मिलोंगाला गेलो, तिथे मिलोंगा लागली, पण मिलोंगा नाचलो नाही. धागाकर्तीची व्यथा ही अशी.

सासवडकर

कळलं. म्हणजे गरब्याला जाऊन कडेला भेळ खाणारी जमात. मी तिचा आजीव सभासद.

एरंडवण्याचा_ओचो

मी पुण्यात सहा वर्षं नाचतोय. स्पष्टच सांगतो, ते 'चपलांबरोबर बाहेर ठेवा' वगैरे कार्यशाळा खपवायची भाषा आहे. मिलोंगा म्हणजे वेगवान टँगो. अक्ष तोच, मिठी तीच, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण न्यायचं, तेही तेच. ज्याचं टँगोतलं चालणं कच्चं, त्याचं मिलोंगात उघडं पडतं. तुमच्या शिक्षिका बरोबर आहेत. पावलं लहान करा आणि सराव करा, विषय संपला.

लग्गी_नंबर_एक

विषय संपला कसा, आत्ता तर सम आली! मी तबलेवाला, नाच वर्षभरच झालाय, पण 'वेगवान टँगो' या शब्दावर आक्षेप नोंदवतो.

आठ बारीक मात्रा धरा. मिलोंगाचा खालचा ठेका १, ४, ५ आणि ७ वर पडतो:

धा – – गे धा – ती –

हा क्यूबाकडून आलेला हाबानेरा. बास आणि पियानोचा डावा हात तो सोडतच नाहीत. टँगोत साधारण काय असतं? सारख्या वजनाचे चार ठोके, आणि आपण एकाआड एक ठोक्यावर पाऊल टाकतो. म्हणजे दोन पावलांच्या मध्ये मोकळी जागा आहे. तिथे हवं तर दुगुन घ्या, हवं तर पाऊलच टाकू नका, उभे राहा. मिलोंगात ती जागा ठेक्याने आधीच भरून टाकलीय. तुम्ही थांबलात तर तो '४' तुम्हाला मागून ढकलतो.

तेव्हा लय वाढवली म्हणून टँगोची मिलोंगा होत नाही. केरवा द्रुत केला म्हणून दादरा होतो का?

एरंडवण्याचा_ओचो

ठेका वेगळा आहे हे मी नाकारलंच नाही. तंत्र म्हणजे शरीर. शरीर तेच.

तत्कार

शरीर तेच, पण करतं काय ते बघा ना. मी चौदा वर्षं कथक केलंय, मग टँगो. मला वाटलं होतं मिलोंगा माझ्या हातचा मळ. वरचं अंग स्थिर, खाली पाय दुगुनीत चालू, हेच तर आयुष्यभर केलं! पहिल्या वर्गात बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या पायाचा आवाज येतोय.

कथकात तळवा जमिनीवर आपटायचा असतो, आवाज हाच दागिना. मिलोंगात पाय जमिनीवर ठेवायचा, तोही शरीराच्या बरोब्बर खाली. टँगोत मोकळा पाय आधी लांब जातो, मग वजन मागून येतं, मग दुसरा पाय जवळ येतो. तीन टप्पे, आणि कुठल्याही टप्प्यावर थांबता येतं. मिलोंगात पाय आधी पाठवायला सवडच नाही. छाती निघाली की पाय तिच्याखाली हजर हवा. घरातून लहान मूल पळत सुटतं तेव्हा आपण कसे निघतो? पाय बघत नाही, निघतो.

बर्लिनताई, एक पाऊल जास्त पडतं कारण तुम्ही टँगोसारखा पाय पुढे पाठवताय आणि मग तो कुठेतरी टेकवावाच लागतो, असा माझा कयास.

बारामती_ते_बर्लिन

तत्कार, अगदी हेच! पाय गेलेला असतो आणि गृहस्थ तिथे नसतातच.

गुडघा_बोले

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, नाचाने हौशी. गुडघ्यांचं सांगते. मिलोंगात गुडघे मऊ ठेवा असं सगळे सांगतात आणि लोक खुर्चीवर बसल्यासारखे वाकतात. मग मांड्या भरून येतात आणि प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली. मऊ म्हणजे कुलूप न लावलेले, एवढंच. दार लोटलेलं, कडी नाही.

घरी प्रयोग करा. पेलाभर पाणी काठोकाठ भरून हातात घ्या, मिलोंगा लावा, जागच्या जागी डावा-उजवा वजन बदला. पाणी सांडलं तर तुम्ही उड्या मारताय. उसळी दिसते ती संगीताची असावी, नाचणाऱ्याच्या खांद्यांची नव्हे.

सासवडकर

पाण्याऐवजी चहा चालेल का? सांडायची भीती जास्त, म्हणून प्रगती जलद.

रिओकाठचा_माणूस

आता जरा मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

नोकरीनिमित्त तीन वर्षं ब्यूनस आयर्सला होतो. व्हिया उर्किसा भागात सुंदरलँड नावाचा क्लब आहे, तिथली मिलोंगा बास्केटबॉलच्या मैदानावर भरते. बास्केटच्या खाली टेबलं, टेबलांवर बाटल्या, आणि अख्खी कुटुंबं जेवायला आलेली. या भागाची टँगोची ढब म्हणजे लांब, घोटीव पावलं, मांजर चालल्यासारखी. तिथे एक वयस्कर जोडपं मी दर आठवड्याला बघायचो. टँगोला ते अर्धं मैदान पार करायचे, मध्येच थांबायचे, आजोबा नुसते श्वास घ्यायचे आणि आजींचा पाय जमिनीवर हळूच अर्धवर्तुळ काढायचा.

मग मिलोंगा लागायची आणि दोघं आक्रसायचे. हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही. लांब पाऊल नाही, थांबणं नाही, आजींचं पायाचं नक्षीकाम बंद. मी मुद्दाम आजोबांच्या पँटच्या मोहरीकडे बघायचो. टँगोत ती झुलायची, मिलोंगात जवळपास हलायची नाही. वरून बघावं तर दोघं रमतगमत चाललेत, खाली बघावं तर एकही ठोका सुटलेला नाही. चार-सहा पावलांचा चौकोन, बाजूला एक, पुढे दोन, परत चौकोन. तिकडे त्याला बाल्दोसा म्हणतात, म्हणजे फरशी. नाच फरशीएवढ्या जागेत मावला पाहिजे.

एरंडवणेकर, वेगाबद्दल. फ्रान्सिस्को कानारोने १९३३ साली ध्वनिमुद्रित केलेली 'मिलोंगा सेन्तिमेंताल' ऐका. आरामात चालता येईल अशी लय आहे. मग १९३६-३७चा हुआन दारिएन्सोचा टँगो ऐका, बियाजी पियानोवर असतानाचा. दारिएन्सोला 'तालाचा राजा' म्हणायचे ते उगाच नाही, तो टँगो तुम्हाला फरपटत नेतो. पण पहिली मिलोंगाच आहे आणि दुसरा टँगोच. तबलेवाल्यांचं म्हणणं इथे सिद्ध होतं.

त्या 'सेन्तिमेंताल'चीही गंमत आहे. सगळे म्हणतात मिलोंगा ही टँगोची आजी. खरंय, पण ती आजी गिटारवर गायली जाणारी, खेड्यातली, सावकाश. आज हॉलमध्ये नाचतो ती शहरी मिलोंगा सेबास्तिआन पियानाने ओमेरो मान्सीच्या शब्दांवर १९३१ साली हे गाणं रचलं त्यानंतर फोफावली. म्हणजे हिशेबाने ही टँगोची नात. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, आपल्याकडे ठेवतात तसं.

लग्गी_नंबर_एक

दंडवत! शिवाय जुने, १९०० च्या आसपासचे टँगो हाबानेराच्याच ठेक्यावर होते. पुढे टँगोने तो सोडला, मिलोंगाने धरून ठेवला. घराणं एकच, वाटण्या झाल्या.

चिंचपोकळी_नॉर्थ

वाटण्या म्हटल्या म्हणून काडी टाकतो. रिओकाठच्यांनी अख्खी पोस्ट ब्यूनस आयर्सच्या नावावर केली. रिओ दे ला प्लाता नदीच्या पलीकडे मॉन्टेविडिओ आहे हो! कानारो स्वतः उरुग्वेत जन्मलेला. प्रत्येक मिलोंगा ज्या गाण्याने संपते ते 'ला कुम्पार्सिता' मॉन्टेविडिओच्या पोराने लिहिलेलं. मिलोंगातली सगळी मजा ज्या कांदोंबेतून (आफ्रिकी वंशाच्या लोकांचं ढोलांवरचं संगीत) येते त्याचे तीन ढोल (चिको, रेपीके, पियानो) आजही तिथल्या रस्त्यावर वाजतात. युनेस्कोने २००९ मध्ये टँगो आणि कांदोंबे दोन्ही यादीत घेतले, पण टँगोचं नाव सगळ्यांना माहीत, कांदोंबे कोणाला विचारा.

रिओकाठचा_माणूस

मान्य, मान्य. म्हणून तर नाव 'रिओकाठचा' घेतलंय, कुठला काठ ते सांगितलेलं नाही.

आफ्रिकी धागा महत्त्वाचा आहेच. 'मिलोंगा' हा शब्दच अंगोलाकडच्या किंबुंदू भाषेतला मानतात. मुलोंगा म्हणजे शब्द, त्याचं अनेकवचन मिलोंगा. शब्दच शब्द, थोडक्यात वादावादी.

तत्कार

म्हणजे हा धागा.

आजोबा_पंचाहत्तरी

मला नाच येत नाही, पण 'शब्दच शब्द' वाचून राहवलं नाही. गिटारवर दोन शाहीर समोरासमोर बसून तिथल्या तिथे कवनं रचत एकमेकांना पेचात पकडतात, त्याला तिकडे पायादा म्हणतात ना? आमच्या गावी कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रात्र रात्र चालत, त्याचीच ही दक्षिण अमेरिकेतली मावसबहीण वाटते.

रिओकाठचा_माणूस

काका, अगदी तेच. ते शाहीर म्हणजे पायादोर. गाबिनो एसेइसा हा आफ्रिकी वंशाचा अर्जेंटाइन पायादोर फार मोठा होऊन गेला, सवाल-जवाबात मिलोंगाची चाल रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. १८८४ च्या २३ जुलैला उरुग्वेतल्या पायसांदूला त्याचा हुआन दे नावा या पायादोराशी सामना झाला, आणि अर्जेंटिनात अजून २३ जुलैला पायादोर दिन पाळतात. चिंचपोकळी, बघा, उरुग्वेचं नाव घेतलं.

चिंचपोकळी_नॉर्थ

पावती मिळाली. धन्यवाद.

फक्त_वाचक_होते

पहिलाच प्रतिसाद. तुम्ही सगळे फॉलोअरला शिकवताय. मी बाई आहे आणि लीड करते. माझ्या मते बर्लिनताईंच्या पायाचा दोष निम्मा, बाकी निम्मा त्या गृहस्थांच्या छातीचा.

टँगोत लीडरने अर्धवट सांगितलं तरी निभतं. फॉलोअरला विचार करायला वेळ असतो, ती थांबते, लीडर सावरून घेतो, आणि बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर विराम घेतला! मिलोंगात ही उधारी चालत नाही. वजन पूर्ण पलीकडे न्यायचं आहे की नुसतं टेकवून परत आणायचंय, हे पाऊल पडायच्या आत सांगावं लागतं. आणि ते हाताने सांगता येत नाही. हात वापरला की समोरची खांद्यातून ताठते. म्हणून मिठी मिलोंगात जरा घट्ट, धडं एकमेकांसमोर, कमरेतून पीळ जवळजवळ नाही. मोठे ओचो या नाचात बसत नाहीत ते यामुळेच, पिळायला वेळ कुठाय? मी स्वतः पहिलं अख्खं गाणं फक्त साध्या पावलांवर काढते. समोरचीचं वजन कुठे आहे हे कळेपर्यंत त्रास्पिएला हात लावत नाही.

सासवडकर

त्रास्पिए? नावातच त्रास आहे.

लग्गी_नंबर_एक

आहेच! त्रास्पिए म्हणजे ठेच. मिलोंगाचे ढोबळ दोन प्रकार: लिसा म्हणजे साधी सपाट, प्रत्येक मुख्य ठोक्याला एक पाऊल, आपल्या आठ मात्रांत १ आणि ५. त्रास्पिएत मध्ये एक जादाचं पाऊल सरकवतात: ठेच लागल्यासारखा पाय टेकायचा आणि लगेच परत. आता माझा प्रश्न. हे जादा पाऊल बरोब्बर मध्ये, ३ वर टाकायचं की ठेक्याबरोबर ४ वर? माझे शिक्षक ३ म्हणतात, माझा कान ४ म्हणतो.

एरंडवण्याचा_ओचो

३. सगळीकडे 'एक-आणि-दोन' असंच शिकवतात.

फक्त_वाचक_होते

शिकवताना ३, नाचताना ४ कडे सरकलेलं. नीट बघितलंत तर जुने लोक त्याला जरा उशिराच टाकतात, ५ च्या कुशीत. ३ वर काटेकोर टाकलं तर कवायतीसारखं दिसतं.

रिओकाठचा_माणूस

सहमत. आणि ऑर्केस्ट्रावरही आहे. कानारोच्या सावकाश मिलोंगात ४ वर टाकायला सवड मिळते. दारिएन्सोच्या मिलोंगात तीन-साडेतीन-चार हा वाद घालेपर्यंत गाणं संपतं.

एरंडवण्याचा_ओचो

रात्री हेडफोन लावून कानारो ऐकला. ४ ऐकू आला. पण तंत्र एकच, यावरून मी हलणार नाही. पाऊल उशिरा टाकायलासुद्धा अक्ष लागतोच.

तत्कार

ओचोशेठ, अर्धा गड पडलाय, उरलेला आम्ही वेढा घालून घेऊ.

मला वाटतं तुम्ही आणि आम्ही 'तंत्र' शब्द वेगळ्या अर्थाने वापरतोय. अक्ष, वजन, मिठी ही भांडी. ती दोन्ही स्वयंपाकघरांत तीच. पण त्याच कढईत एकीकडे खीर आटवायचीय, दुसरीकडे मोहरी तडतडवायचीय. खीर आटवणाऱ्या हाताने फोडणी केली तर करपते. टँगोत मी इतकी वर्षं थांबायला शिकले. पुग्लिएसेच्या संगीतात तर लय स्वतःच ताणली जाते, तिथे पाय न उचलण्यातच कसब. मिलोंगात ते सगळं मोडावं लागलं. विश्रांती मिळते, पण ती चालता चालता घ्यायची. खांदे सोडून, श्वास सोडून. पाय मात्र चालूच.

गुडघा_बोले

+१. माझ्याकडे येणारे निम्मे नाचरे श्वास रोखून मिलोंगा करतात. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं, तरी बाहेर येतात तेव्हा लाल.

मधली_आळी

मुद्दा थोडा वेगळा. सगळ्यांनी सगळं नाचायलाच हवं का? नजरेने आमंत्रण द्यायची पद्धत (काबेसेओ) त्यासाठीच तर आहे. नाचायचं नसेल तर नजर फिरवा, कोणाचा अपमान नाही. मी आठ वर्षांत मोजून दहा मिलोंगा नाचलो असेन. त्या वेळात मी सरबत पितो आणि लोकांचे बूट बघतो. सुखी आहे.

सासवडकर

आजीव सभासद क्रमांक दोन! भेळ पाठवू का?

फक्त_वाचक_होते

मधली आळी, नाचू नका, हक्क तुमचा. पण एक सांगते. मिलोंगा नाचायला लागल्यावर माझा टँगो सुधारला. फुकटची पावलं गळाली. आधी रिकामी जागा दिसली की काहीतरी भरायचे, आता जागा रिकामी ठेवता येते.

एरंडवण्याचा_ओचो

हे मात्र शंभर टक्के. (कारण तंत्र एकच.)

लोकल_ट्रेन_अप्सरा

रोंदाबद्दल कोणी काहीच बोललं नाही? सगळी जोडपी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात तो वर्तुळाकार ओघ म्हणजे रोंदा. टँगोत तो सिग्नलवरच्या गाड्यांसारखा: चाल, थांब, चाल. मिलोंगात कोणीच थांबत नाही, आणि हौशी लीडर मोकळी जागा दिसली की सुसाट सुटतात. माझ्या घोट्यावर एका अनोळखी टाचेची खूण अजून आहे. लहान पावलं टाका हे तंत्रासाठी सांगतात तसं शेजाऱ्यासाठीही सांगतात. विरारची सव्वासहाची पकडणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कोपर आत, पाय स्वतःच्या खाली.

आजोबा_पंचाहत्तरी

नाच न येणाऱ्यालाही शेवटचं वाक्य पटलं.

बारामती_ते_बर्लिन

मंडळी, पंधरा दिवसांनी परत आले, हिशेब द्यायला.

स्वयंपाकघराची फरशी मोजली, एक फरशी बरोब्बर माझ्या दोन बुटांएवढी. रोज रात्री भांडी आवरली की कानारो लावायचा, हातात पेला, चौकोन. पहिले चार दिवस पाणी सांडलं. पाचव्या दिवशी पाणी पेल्यात राहिलं, पण दारावर चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या एक जर्मन आजी राहतात. त्यांनी सुवाच्य अक्षरात विचारलं होतं की रात्री साडेदहाला आपण काय कुटता?

सासवडकर

दाण्याचं कूट म्हणून सांगा आणि वाटीभर नेऊन द्या. पुढे सहा महिने तक्रार येणार नाही.

तत्कार

थांबा, थांबा. चिठ्ठी हसण्यावारी नेऊ नका. आवाज खाली जातोय म्हणजे तुम्ही पाय आपटताय! मला जे बाईंनी सांगितलं तेच आजी सांगतायत. पाणी सांडत नाही म्हणजे धड स्थिर झालं, आता टाच सोडा. तळव्याचा पुढचा भाग आधी, टाच फक्त जमिनीला विचारून येते.

बारामती_ते_बर्लिन

हो, ते नंतर कळलं. मग अनवाणी, मग मोजे घालून सराव केला.

काल परत त्याच मिलोंगाला गेले. तांदा लागली, तहान लागली, पण उठले नाही. ते गृहस्थ दोन टेबलं सोडून होते. यावेळी मीच टक लावून बघितलं. पहिली दोन गाणी त्यांनी निव्वळ लिसा केली. 'वाचक_होते' म्हणतात तसंच, ते माझं वजन शोधत होते, आणि मला ते शोधणं चक्क जाणवलं, छातीतून. मी पाय पाठवणं बंद केलं. नुसती त्यांच्यासमोर राहिले. एका वळणावर लक्षात आलं की मी श्वास घेतेय.

तिसऱ्या गाण्यात त्यांनी एक त्रास्पिए टाकला. गेले, टेकले, परत आले! मला इतका आनंद झाला की पुढच्याला मी परत यायचं विसरून सरळ पलीकडे गेले आणि टाच त्यांच्या बुटावर. त्यांनी बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोच त्रास्पिए लगेच परत टाकला. यावेळी आले मी परत.

कोर्तिना वाजली तरी काही बोलले नाहीत. घाईघाईत हा शब्द तरी आला नाही.

लग्गीदादा, जादाचं पाऊल मला ४ वर लागलं. ओचोदादा, अक्ष तोच होता, तुमचंही राहिलं.

एरंडवण्याचा_ओचो

अभिनंदन! माझ्या वाक्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार.

लग्गी_नंबर_एक

४! शिक्षकांना धाग्याचा दुवा पाठवतोय.

मधली_आळी

बूट कोणत्या रंगाचे होते त्यांचे?

बारामती_ते_बर्लिन

काळे-पांढरे, डाव्याला आता थोडा करडा.

गुडघा_बोले

आणि आजी? परत चिठ्ठी आली का?

बारामती_ते_बर्लिन

या आठवड्यात एकही नाही. खूश होऊन जिन्यात शेजाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला त्या सोमवारपासून मुलीकडे गेल्यात.